तेरा खासदारांचं अंतर

गेल्या भागात आपण १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणापाशी थांबलो होतो. १९ जुलैच्या वटहुकमावर सही होती हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडलं, कारण राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते अपक्ष म्हणून लढवणार होते.

काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही कुणाची? खुद्द इंदिराबाईंची! आणि मतदानाच्या तोंडावर त्याच सांगू लागल्या, की आतल्या आवाजाला स्मरून मत द्या. निमित्त पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनीच हातात दिलं. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना ते भेटले, तुमची दुसऱ्या पसंतीची मतं रेड्डींना द्या म्हणून.

त्या दोन पक्षांचा उमेदवार होता एक मराठी माणूस, सी. डी. देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या नात्याचा जन्म, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे नेहरूंचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे ते हेच. आपल्याकडे त्यांचा राजीनामा सगळ्यांना आठवतो, ही उमेदवारी मात्र फारशी कुणाला आठवत नाही.

आता आकडे जरा नीट ऐका. पहिल्या पसंतीची मतमूल्यं अशी: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी हवी होती ४,१८,१६९. म्हणजे कुणीच पोहोचलं नाही. मग खालचे उमेदवार एकेक बाद करत त्यांची मतं पुढच्या पसंतीनुसार वाटली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. राष्ट्रपती ठरवायला दुसरी पसंती मोजावी लागली, असं पहिल्यांदाच घडलं.

पुष्कळांना वाटतं की दुसऱ्या पसंतीनं गिरींना तारलं. वजाबाकी करून बघा. या वाटणीत रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना जेमतेम १८,५६२. म्हणजे निजलिंगप्पांची खटपट वाया गेली नव्हती, मतं आली होती! पण ती मागायला गेल्यामुळे घरातली किती गेली, हा खरा हिशेब. मतदान गुप्त, त्यामुळे तो नेमका कधीच लागणार नाही.

शेवटचं अंतर १४,६५०. तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य होतं ५७६. गिरींकडचे फक्त तेरा खासदार रेड्डींकडे वळले असते तरी निकाल फिरला असता. तेरा! संसदेच्या कँटीनमधली दोन टेबलं म्हणा ना.

माझं मत विचाराल तर 'आतला आवाज' हा शब्द मला तेव्हाही सोयीचाच वाटला असता. स्वतः सही केलेल्या अर्जाविरुद्ध विवेक जागा होतो, तेव्हा ज्याचा अर्ज आहे त्याला निदान तोंडावर सांगावं. पण राष्ट्रपती निवडताना आमदार-खासदारानं पक्षाकडे न बघता मत द्यावं, यात चूक काय? एकाच गोष्टीबद्दल माझी ही दोन मतं आहेत, आणि ती काही जुळत नाहीत.

तीन महिन्यांत काँग्रेस फुटली. हरलेले रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले आणि दोन वर्षांनी लोकसभा विसर्जित करण्याची वेळ त्यांच्यावरच आली. ती गोष्ट पुढच्या भागात.