एका पंगतीचे शिक्षण



कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. खेड्यापाड्यांतील सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत. झाडलोट, स्वयंपाक ही कामे ती स्वतः करीत आणि एका पंगतीस बसत. या मुलांची चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले.

विद्यार्थ्यांचे नेतृत्व घडते ते अशा सहजीवनात. ज्याने इतरांची उष्टी काढली, त्याच्या शब्दाला पुढे वजन येते. व्यासपीठावरील भाषणाने ते येत नाही.

गोमंतकातील अनेक देवस्थानांना अग्रशाळा आहेत. उत्सवाचे दिवस सरले की तेथील कित्येक खोल्यांना कुलपे लागतात. गावच्या शाळेचे शिबिर तेथे भरावे, ही सूचना कोणासही रुचेल. परंतु खरा प्रश्न खोल्यांचा नसून पंगतीचा आहे. महाजनांची मुले आणि गावची इतर मुले तेथे एकत्र रांधून एकत्र जेवणार असतील, तरच ती कुलपे उघडण्यात अर्थ आहे. पंगती वेगळ्या मांडावयाच्या असतील, तर कुलपे आहेत तशीच बरी.