श्रुतलेखनापासून नागरिकशास्त्रापर्यंत
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



नागरिकशास्त्र हा विषय शाळेत फार उपेक्षित असतो. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली ती चार-सहा प्रकरणे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची, लोकशाहीची व्याख्या पाठ करायची आणि निकाल लागला की पुस्तक रद्दीत द्यायचे, हा बहुतेकांचा शिरस्ता. परंतु वीस-पंचवीस वर्षांनंतर हाच विषय न्यू जर्सीत, लंडनमध्ये किंवा मेलबर्नमध्ये त्यांच्या दारात पुन्हा येऊन उभा राहतो. दिवसभर संगणकापुढे बसणारा अभियंता रात्री जेवणे आटोपल्यावर सरकारच्या तीन शाखा घोकू लागतो. शाळकरी लेक बाबांचे प्रश्न घेते आणि चुकले की हसते. परक्या देशाचे नागरिक होण्यासाठी द्यावयाची ही परीक्षा मराठी घरांत आता नवलाईची राहिलेली नाही.

परीक्षा तशी अवघड नाही. अमेरिकेत २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. अधिकारी त्यांतले २० पर्यंत प्रश्न तोंडी विचारतो आणि १२ बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण. त्यापूर्वी यादी १०० प्रश्नांची होती, १० विचारले जात आणि ६ पुरत. ब्रिटनमध्ये ४५ मिनिटांत २४ प्रश्न आणि त्यांतले १८ बरोबर हवेत. कॅनडा व ऑस्ट्रेलिया २० प्रश्न विचारतात आणि १५ बरोबर मागतात. मात्र ऑस्ट्रेलियात त्या देशाच्या मूल्यांवरचे पाच प्रश्न असतात आणि त्यांतला एकही चुकून चालत नाही. ब्रिटन वगळता या देशांत अभ्यासाचे साहित्य सरकारच फुकट देते. अमेरिकेत तर प्रश्नांबरोबर उत्तरेही आधीच छापून मिळतात. दहावीच्या विद्यार्थ्याला अशी प्रश्नपत्रिका मिळाली तर त्याचा विश्वासच बसणार नाही!

प्रश्न आधी सांगून घेतलेल्या परीक्षेला अनेक जण हसतात. हसण्यापूर्वी त्यांनी शंभर वर्षांपूर्वीची परीक्षा पाहावी.

१९०१ साली ऑस्ट्रेलियाने प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. त्यात कातडीच्या रंगाचा उल्लेख कोठेही नव्हता. उतरणाऱ्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन करता आले पाहिजे, एवढीच अट होती. भाषा मात्र अधिकाऱ्याने निवडायची. समोरच्याला इंग्रजी चांगले येते असे दिसले, तर त्याला दुसऱ्या भाषेचा उतारा घालायचा. आपल्या वर्गांत श्रुतलेखन चालते ते मुलाला लिहिता यावे म्हणून. तेथे ते लिहिता येऊ नये म्हणून चाले. १९०९ नंतर ती परीक्षा कोणी उत्तीर्ण झाल्याची नोंद नाही. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला रोखण्यासाठी स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला उतारा काढण्यात आला, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयालाच ते मान्य झाले नाही. तरीही ही अट १९५८ पर्यंत पुस्तकात राहिली. कल्पना मूळची ऑस्ट्रेलियाची नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९७ साली हिंदी लोकांना अडवण्यासाठी युरोपीय भाषेतच अर्ज लिहिण्याची अट घातली होती, तिचेच हे अनुकरण.

अमेरिकेत वेगळी तऱ्हा होती. तेथे हिंदी माणसाला परीक्षेच्या खोलीतच जाता येत नव्हते. फेब्रुवारी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात असा निकाल दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात भरती झालेले होते. निकालानंतर, आधी नागरिक झालेल्यांचेही नागरिकत्व काढून घेण्यास सुरुवात झाली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तो प्रसंग आला. त्यांनी स्वतःचा खटला स्वतः लढवला, १९२७ पर्यंत नेला आणि जिंकला.

जे आधीच तेथे जाऊन राहिले आहेत त्यांना तरी नागरिकाचा मान द्या, हे साम्राज्याच्या दरबारात त्या काळी सर्वांत चिकाटीने सांगणारा माणूस कावेरीकाठच्या कुंभकोणमचा विद्यार्थी होता. कुंभकोणम म्हटले की गणिती रामानुजन आठवतात, कॉफीही आठवते. मराठी माणसाने आणखी एक गोष्ट आठवावी. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते आणि त्यांच्याबरोबर गेलेली मराठी घराणी त्या मुलखात रुजली. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव अशाच घराण्यात १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मले. त्या मराठी कुटुंबांना कावेरीकाठी राहण्यासाठी कोणी पन्नास शब्दांचे तमिळ श्रुतलेखन घातले नव्हते. तमिळ ती मंडळी हळूहळू शिकली. घरात मराठी बोलत राहिली.

कुंभकोणमजवळच्या वलंगैमान गावात २२ सप्टेंबर १८६९ रोजी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म झाला. घर गरीब पुरोहिताचे. कुंभकोणमच्या नेटिव्ह हायस्कुलात आणि तेथल्याच सरकारी महाविद्यालयात ते शिकले, मग शिक्षक झाले आणि मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक. तेथून १९०७ मध्ये ते पुण्याच्या भारत सेवक समाजात आले आणि १९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनानंतर समाजाचे अध्यक्ष झाले. गोखल्यांच्या जागी एक तमिळ शाळामास्तर बसला, ही गोष्ट पुण्यालाही भूषणावह आहे.

१९२१ च्या लंडन येथील साम्राज्य परिषदेत शास्त्रींच्या प्रयत्नाने ठराव झाला की, वसाहतींत कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य व्हावेत. दक्षिण आफ्रिकेने संमती दिली नाही. पुढच्या वर्षी शास्त्री ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा यांचा दौरा करून आले. नवे लोक येऊ द्या, असे ते म्हणत नव्हते; मागणी मर्यादित होती आणि तेवढ्यासाठी मायदेशात त्यांच्यावर टीकाही झाली. महात्मा गांधी त्या वेळी तुरुंगात होते आणि हे गृहस्थ साम्राज्याचे पाहुणे म्हणून व्याख्याने देत फिरत होते, हे अनेकांना रुचले नाही. ती टीका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि फळ आले ते याच मर्यादित मागणीला. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने तेथे राहणाऱ्या हिंदी लोकांना संसदेच्या निवडणुकीत मत दिले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने मात्र १९४७ पर्यंत वाट पाहायला लावली. अमेरिकेत हिंदी लोकांना नागरिकत्व खुले करणारा कायदा जुलै १९४६ मध्ये झाला. शास्त्री त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वारले होते.

१९२७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून गेले. तेथील हिंदी मुलांना माध्यमिक शिक्षणाची धड सोय नव्हती. शास्त्रींनी हिंदी समाजाकडूनच वर्गणी जमवली आणि दर्बानमध्ये विद्यालय उभे केले. ते १९२९ मध्ये सुरू झाले आणि ‘शास्त्री कॉलेज’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मतासाठी भांडणाऱ्या मुत्सद्द्याने शेवटी शाळाच बांधली, यात नवल वाटू नये. तो मुळात मुख्याध्यापकच होता.

याच आफ्रिकेतली एक आठवण गोखल्यांची आहे. १९१२ मध्ये ते तेथे गेले असता गांधीजींनी त्यांना आपल्या लोकांपुढे मराठीत बोलण्याचा आग्रह केला. श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते. गांधीजींचे मराठी बेताचे, तरी भाषांतराची जबाबदारी त्यांनीच घेतली. गोखले मराठीत बोलले आणि पुढे दौराभर तसेच बोलत राहिले.

आजच्या तयारीला या आठवणीचा उपयोग आहे. उत्तरे पाठ करून गुण मिळतात, यात शंका नाही. परंतु कायद्याचे राज्य म्हणजे काय, न्यायालय सरकारच्या हुकुमाला कसे थांबवू शकते, अल्पमतातल्या माणसाचे काय होते, हे ज्याला आठवीत मराठीत कळले आहे, त्याला परक्या देशातल्या अधिकाऱ्यापुढे बसताना केवळ नवी नावे शिकावी लागतात. ज्याला तेव्हा कळले नाही, त्याला १२८ प्रश्नांपैकी प्रत्येक वेगळा लक्षात ठेवावा लागतो.

पालकांनी आणखी एक लक्षात घ्यावे. परीक्षा उत्तीर्ण होऊन शपथ घेतली की, आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ९ च्या तत्त्वानुसार भारताचे नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळते. येणे-जाणे सुकर होते. मत राहत नाही. घरोघरी या निर्णयापूर्वी पुष्कळ दिवस अबोला नव्हे पण एक शांतता असते, ती अकारण नसते. उलट दिशेने, परदेशी माणसाला भारताचे नागरिकत्व मागायचे असेल तर त्याला आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी यावी लागते. मराठीही चालते.

आणि मुलांकडे कायमचे जाऊन राहिलेल्या आजी-आजोबांचा प्रश्न. अमेरिकेचे कायम वास्तव्याचे कार्ड मिळून पंधरा वर्षे झालेल्या आणि वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्या माणसाला इंग्रजीची अट माफ आहे. नागरिकशास्त्राची परीक्षा तो दुभाष्यामार्फत स्वतःच्या भाषेत देऊ शकतो. पासष्टी उलटून वीस वर्षे झाली असतील, तर अभ्यासाला वीसच प्रश्न असतात. त्यांतले दहा विचारतात, सहा पुरतात. ‘सिनेट’ला मराठीत काय म्हणायचे, म्हणून अडून बसू नये, सिनेटच म्हणावे. न्यायमंडळ काय करते, हे मात्र मराठीत सांगता आले पाहिजे, आणि नातवंडांनी प्रश्न घ्यायला बसावे.