चुकलेल्या नोटेची पारख



वस्तूंत दोष निघाला कीं तिची किंमत उतरते, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम. कागदी चलनाच्या संग्राहकांत मात्र उलटा न्याय चालतो. छापतांना बिघडलेल्या नोटेसाठीं हौशी मनुष्य दर्शनी किंमतीच्या कितीतरी पट रक्कम आनंदानें मोजतो. अर्थात् जेथें दोषालाच किंमत येते, तेथें दोष मुद्दाम निर्माण करणारेही निघतात. म्हणून या छंदांत पहिला प्रश्न असा विचारावा कीं, चूक छापखान्यांत झाली कीं छापखान्याबाहेर?

त्याचें उत्तर छपाईच्या क्रमांत सांपडतें. आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यांत १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. नोट एका दमांत तयार होत नाहीं. मोठ्या तावावर प्रथम पार्श्वभूमीची नक्षी उमटते. मोठ्या किंमतीच्या नोटांवर मग कोरीव पत्र्यावरून, बोटाला उंच लागणारी छपाई होते. नंतर क्रमांक पडतात आणि अखेर ताव कापून नोटा सुट्या होतात. खरी चूक या क्रमाशीं कधीं विसंगत नसते. तावाचा कोपरा दुमडलेला असतां तो कापला गेला, तर घडी उलगडतांच कागदाचा एक त्रिकोण जास्त निघतो. ताव सरकून कापला गेला, तर एका कडेला शेजारच्या नोटेचा अंश दिसतो. केवळ एक कड अरुंद आहे म्हणून मात्र भुलूं नये. पट्टी लावून पाहावें. माप भरत नसेल, तर तेथें कात्री चालली आहे.

या तर्काचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलें आहे. २००४ सालीं ओहायो राज्यांतील एका विद्यार्थ्याला पैसे देणाऱ्या यंत्रांतून वीस डॉलरची नोट मिळाली. तिच्यावर 'डेल मॉन्टे' केळ्यांचें रंगीत लेबल होतें. लेबल काय, कोणीही घरीं चिकटवूं शकतो! पण अमेरिकेंत आधीं मागची बाजू, मग पुढची, आणि शेवटीं मुद्रा व क्रमांक छापतात. या नोटेवर पुढचें चित्र लेबलाखालीं आहे; मुद्रा व क्रमांक यांचा छाप मात्र लेबलावर चढला आहे. म्हणजे लेबल दुसऱ्या व तिसऱ्या छपाईच्या मध्येंच चिकटलें. २०२१ च्या जानेवारींत ही नोट लिलावांत ३ लाख ९६ हजार डॉलरांना गेली.

उलट माझीच एक फजिती सांगतों. क्रमांक नसलेली दहा रुपयांची नोट मीं एकदां बरेच पैसे देऊन घेतली. घरीं येऊन ती दिव्यासमोर तिरपी धरली, तेव्हां कोऱ्या जागेंत अंकांचे पुसट ठसे दिसले. क्रमांकाचे अंक दाबानें उमटतात. शाई खोडली तरी कागदावरचा दाब सहसा जात नाहीं. अतिनील दिव्याखालीं तर शाईचे राहिलेले कणही चमकूं लागले. ही परीक्षा पैसे देण्यापूर्वीं करावयास हवी होती.

चूक खरी ठरली तरी ती दुर्मिळ असतेच असें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या ५० डॉलरच्या नोटेवर सूक्ष्म अक्षरांतील 'रिस्पॉन्सिबिलिटी' या इंग्रजी शब्दाचें एक अक्षर गळलें. पण अशा नोटा निघाल्या तब्बल ४ कोटी ६० लाख!

शेवटीं या छंदाची दुसरी बाजूही विसरूं नये. २०१७ च्या जानेवारींत मध्य प्रदेशांतील श्योपूर जिल्ह्यांत कांहीं शेतकऱ्यांना बँकेंतून दोन हजारांच्या नोटा मिळाल्या. त्यांवर गांधीजींचें चित्रच नव्हतें. नोटा बनावट असाव्यात या शंकेनें ते घाबरले. नोटा खऱ्याच असून छपाईंत दोष राहिल्याचें बँकेनें सांगितलें. संग्राहकाला जो ठेवा वाटला असता, तोच त्यांना बुडालेला पैसा वाटला. चलन विश्वासावर चालतें, आणि दोष बनवून विकणारा त्या विश्वासालाच नख लावतो.

म्हणून अशी नोट हातीं आली तर ती धुऊं नये, तिला इस्त्री करूं नये, आहे तशी जपावी. आणि विकत घेतांना विक्रेत्याची कहाणी ऐकण्याआधीं विचारावें, ही चूक कोणत्या पायरीवर घडली? उत्तर सांपडलें नाहीं, तर पैसे खिशांतच राहूं द्यावे.