पात्राला बोलतं करा

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



शाळेतलं नाटक म्हटलं की आपल्याला स्नेहसंमेलन आठवतं. भाड्याचे मुकुट, घामाने सुटणाऱ्या मिशा, विंगेतून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येणारं प्रॉम्प्टिंग आणि मोबाइल उंचावून उभे राहिलेले पालक. त्याला माझा विरोध नाही. पण आज ज्या नाटकाबद्दल बोलायचं आहे, त्याला प्रेक्षकच नसतात. एखाद्या मंगळवारी, तिसऱ्या तासाला, बाकं भिंतीकडे सरकवून ते होतं. पाठांतर नाही, बक्षीस नाही, आणि वर्गातलं एकही मूल त्यातून वगळलं जात नाही.

बालनाट्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’तर्फे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. १९८६ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीने ‘छान छोटे वाकडे मोठे’ केलं आणि बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ थिएटरची चळवळ पुण्यात रुजली. मुलांची भीती, भांडणं, मोठ्यांची दादागिरी थेट रंगमंचावर आली. तिथे बहुतेक मुलं प्रेक्षकांत बसलेली होती. वर्गात मात्र ती करणारी असतात.

याचा मुलांच्या मनाशी काय संबंध? रडवेल्या मुलाला जवळ घेऊन आपण विचारतो, ‘काय झालं? सांग ना.’ उत्तर ठरलेलं: ‘काही नाही.’ मूल लबाडी करत नसतं. एकतर काय होतंय ते त्याला नेमकं सांगता येत नाही. आणि सांगितलं तर घरचं बिंग फुटेल, आई चिडेल, मुलं हसतील, हा हिशोब त्याने मनात मांडलेला असतो. त्याच मुलाला कावळा करा, मग बघा.

कावळा मुद्दाम म्हटलं. चिऊकाऊची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला येते. शेणाचं घर पावसात वाहून गेलं, कावळा मेणाच्या घराशी आला, आणि चिऊ आतून एकेक कारण सांगत राहिली. ही गोष्ट दारापर्यंत आणून थांबवायची. बाईंनी स्वतः कावळा व्हायचं, डोक्यावरून ओढणी घ्यायची, कुडकुडत विचारायचं, ‘मी कुठे जाऊ आता?’ सगळा वर्ग चिमण्यांची वस्ती होतो. दार उघडायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

शिक्षकाने असं स्वतः भूमिकेत शिरण्याचं तंत्र ब्रिटनमध्ये डोरोथी हीथकोट यांनी विकसित केलं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कापडगिरणीत कामाला लागलेली ही बाई पुढे न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षकांना घडवत होती. तिच्या पद्धतीतली खुबी साधी आहे. शिक्षक गरजू झाला की वर्गातली सत्ता उलटते. एरवी ज्यांना कुणी काही विचारत नाही, त्यांच्या हाती निर्णय येतो.

चौथीच्या एका वर्गातला प्रसंग सांगतो. चिऊला खुर्चीत बसवलं होतं आणि मुलं तिला प्रश्न विचारत होती. ‘तू दार का उघडलं नाहीस?’ चिऊ झालेली मुलगी एरवी हजेरीला ‘हजर’सुद्धा पुटपुटणारी. ती म्हणाली, ‘बाळ आत्ताच झोपलंय. उठलं तर मलाच घ्यावं लागतं. आई येईपर्यंत.’ चिऊला आई कुठून आली, असं बाईंनी विचारलं नाही. ‘तुझ्या घरी असं होतं का गं?’ असंही विचारलं नाही. त्या चिऊलाच म्हणाल्या, ‘चिऊताई, दमत असशील. या वस्तीत तुला कोण मदत करेल?’ तीन हात वर आले.

हा आडपडदा जपणं, हेच या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे. प्रश्न चिऊला विचारायचा, मुलीला नाही. बोलली ती चिऊ. घर मुलीचं झाकलेलंच राहिलं.

भूमिकेच्या या आडपडद्याचं एक उदाहरण इतिहासातलं. १८ जुलै १९४२. वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ केलं. निमंत्रित प्रेक्षकांसमोरचा प्रयोग होता तो, पण मुद्दा हाच. नाटकातल्या आजारी अमलला वैद्यांनी बाहेर पडायची बंदी केलेली आहे. तो खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी बोलतो. स्वतः भिंतीआड कोंडलेल्या मुलांना बंगालमधल्या एका मुलाची खिडकी मिळाली. तीन आठवड्यांच्या आत ती मुलं आणि त्यांची साथ न सोडणारे कोर्चाक त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत नेले गेले. नाटकाने कुणाला वाचवलं नाही, आणि नाटकावर तसा भार टाकूही नये.

म्हणून काही पथ्यं. वर्गातल्या कुणाची खरी घटना नाटकाला घेऊ नका. ज्याला भूमिका नको, त्याला झाड होऊ द्या, नाहीतर नुसतं बघू द्या. चिडवल्या जाणाऱ्या मुलाला चिडवल्या जाणाऱ्याचीच भूमिका देऊ नका. शेवटची पाच मिनिटं भूमिका उतरवायला ठेवा: ओढणी घडी करायची, आपापलं नाव मोठ्याने सांगायचं, बाकं जागेवर लावायची. आणि शिक्षक मानसोपचारतज्ज्ञ नसतो, हे विसरू नका. मूल सतत घाबरलेलं दिसलं तर समुपदेशकाकडे पाठवा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. तिथे आडपडदा नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

इथे बरेच मुख्याध्यापक बसले आहेत, त्यांना एक विनंती. या सगळ्याला नवा निधी लागत नाही, नवं पद लागत नाही. वेळापत्रकात कलेचा तास आधीपासून आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतील, दिवाळीनंतर अभ्यासक्रम मागे पडेल आणि गणिताचे सर तो तास मागायला येतील. कृपा करून देऊ नका.