गादी आपली, फौज परक्यांची
(मालवण येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. दोन शतकांपूर्वी हीच नदी एका राज्याच्या पारतंत्र्याची सीमारेषा ठरली, याचे स्मरण आज फार थोड्यांना असते.

१८१२ साली कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. १८१९ मध्ये इंग्रज फौजेने रेडीचा यशवंतगड व निवतीचा किल्ला घेतला आणि सावंतवाडीशी तह केला. त्यान्वये कर्लीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा किनारा इंग्रजांचा झाला. संस्थानात त्यांची फौज येऊ देणेही मान्य करावे लागले. गादी सावंत-भोसल्यांचीच राहिली. समुद्र आणि शस्त्र मात्र परस्वाधीन झाले.

अशा व्यवस्थेचा दोष केवळ अपमानात नसतो. ज्या राजाला परकी फौज सांभाळते, त्याला प्रजेची मर्जी सांभाळण्याची गरज उरत नाही आणि प्रजेलाही तो आपला वाटेनासा होतो. सावंतवाडीत बंडे झाली, कारभार विस्कटला आणि १८३८ मध्ये इंग्रजांनी तो स्वतःकडे घेतला. १८४४ मध्ये तेथे पुन्हा उठाव झाला. पुण्यातही हेच घडले होते. वसईच्या तहानंतर दुसरा बाजीराव १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या आधाराने परतला. पंधरा वर्षांत पेशवाईच संपली.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. २८ जून २००४ रोजी अमेरिकेने ठरल्या मुदतीच्या दोन दिवस आधी, बगदादमधील कडेकोट पहाऱ्यात, इयाद अलावी यांच्या सरकारकडे सत्ता सोपवली. सुमारे १ लाख ४० हजार अमेरिकी सैनिक मात्र तेथेच राहिले. २०११ च्या अखेरीस ते परतले आणि २०१४ च्या जूनमध्ये मोसुल शहर इराकी सैन्याच्या हातून गेले. २०२१ मध्ये परकी सैन्य माघारी फिरत असतानाच काबूलचे सरकारही कोसळले. उसन्या बळावर उभ्या राहिलेल्या सत्तेला स्वतःचे पाय फुटलेच नव्हते.

याउलट भारताचा दाखला पाहावा. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही काही ब्रिटिश पलटणी येथे होत्या. शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून रवाना झाली. पण त्या काळात येथील कारभारात त्यांचा शब्द चालत नव्हता. दिल्लीचे सरकार त्यांच्या बंदुकीवर नव्हे, जनतेच्या विश्वासावर उभे होते. म्हणून ते गेले तेव्हा काही ढासळले नाही.

तेव्हा सत्तांतराची कसोटी समारंभात किंवा ध्वज बदलण्यात नाही. बंदूक कोणाच्या हुकमाने चालते आणि राज्यकर्ता कोणाला उत्तरदायी असतो, हे दोनच प्रश्न विचारावेत. छत्रपती शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो याच जाणिवेतून. किनारा ज्याचा, आरमारही त्याचेच असले पाहिजे.