वायुदलाची घडण आणि धाराशिव जिल्हा

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वायुदल म्हटले की डोळ्यांसमोर येते ते वेगाने झेपावणारे लढाऊ विमान आणि त्यात बसलेला वैमानिक. हे चित्र खरे असले, तरी अपुरे आहे. आकाशात गेलेल्या प्रत्येक विमानामागे जमिनीवर राबणारी माणसे असतात आणि त्या सर्वांना एका सूत्रात बांधणारी शिस्तबद्ध संघटना असते. या संघटित सामर्थ्याचा प्रत्यय धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबादला, सप्टेंबर १९४८ मध्ये आला. म्हणूनच वायुदलाचा इतिहास या जिल्ह्यातील तरुणांना परका वाटण्याचे कारण नाही.

लहानशी सुरुवात

भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्यापाशी अवघी चार वापिटी विमाने होती. ब्रिटनमध्ये शिकून आलेले मोजके भारतीय अधिकारी आणि 'हवाई सिपाही' या नावाने ओळखले जाणारे १९ जवान एवढेच तिचे मनुष्यबळ. त्या अधिकाऱ्यांमध्ये सुब्रोतो मुखर्जी होते. पुढे १ एप्रिल १९५४ रोजी तेच वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या दलाने नाव मिळविले. परंतु स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. दहा स्क्वॉड्रनपैकी तीन पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या आणि अनेक पक्के तळ व प्रशिक्षणाच्या सोयीही सीमेपलीकडे राहिल्या. ही घडी नीट बसते न बसते तोच २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी श्रीनगरच्या धावपट्टीवर सैन्य उतरविण्याची कामगिरी अंगावर येऊन पडली. काश्मीरचे युद्ध चालू असतानाच हैदराबादचा प्रश्न निकडीचा झाला.

नळदुर्ग ते राजेश्वर

हैदराबाद संस्थानाचा विमानांशी संबंध जुना होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला निजामाने विमानांसाठी देणगी दिली. त्या स्क्वॉड्रनला 'हैदराबाद' हे नाव कायमचे चिकटले. मराठवाड्यातील रयत मात्र साध्या नागरी हक्कांनाही पारखी होती. १९४८ मध्ये तर सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे संस्थानात आणली. बीदर आणि वरंगळ येथील धावपट्ट्या त्यासाठी वापरल्या गेल्या.

रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली जनतेने दीर्घ लढा दिला. उस्मानाबाद जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी सोलापूरच्या सरहद्दीवरील शिबिरांतून झुंज चालू ठेवली. या लोकलढ्यानेच पुढील कारवाईची भूमी तयार केली, हे विसरता येणार नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील सैन्य सोलापूरकडून निघाले. पाणीमहालासाठी प्रसिद्ध असलेल्या नळदुर्गाजवळ बोरी नदीवरील पूल उडवून देण्याचा विरोधकांचा बेत होता. वेगवान हालचालीमुळे तो फसला आणि पूल शाबूत हाती आला. सकाळी नऊच्या सुमारास रणगाड्यांचा ताफा जळकोटला पोहोचला आणि दुपारी सव्वातीनपर्यंत उमरगा गाठले गेले. दुसऱ्या तुकडीने दोन तासांच्या चकमकीनंतर तुळजापूर घेतले. लोहाऱ्याकडील कूच मात्र नदीला पूर आल्याने थांबली.

पावसाळ्यात जमिनीवरच्या सैन्याला मर्यादा पडतात. पुढच्या वळणावर काय दडले आहे, हेही रणगाड्यातून दिसत नाही. १४ सप्टेंबरला उमरग्याहून सुमारे ४८ किलोमीटरवरील राजेश्वरकडे कूच सुरू झाली, तेव्हा वाटेत दबा धरून बसलेल्या तुकड्यांची मोर्चेबंदी हवाई टेहळणीत आढळली. पुण्याच्या तळावरील टेंपेस्ट विमानांनी तिच्यावर मारा केला, मार्ग मोकळा झाला आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आले. या मोहिमेतील हवाई कारवाईची सूत्रे सुब्रोतो मुखर्जी यांच्याकडे होती. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केला आणि मराठवाडा मुक्त झाला.

या घटनेतला धडा नीट पाहावा. टेहळणी करणाऱ्याने अचूक पाहिले नसते, त्याची खबर वेळेवर पोहोचली नसती, तळावरच्या तंत्रज्ञाने इंजिन आणि शस्त्रे सज्ज ठेवली नसती किंवा हवामानाचा अंदाज कोणी घेतला नसता, तर उत्तम वैमानिकही निरुपयोगी ठरला असता.

आजची रचना

हेच तत्त्व आजच्या रचनेत विस्ताराने दिसते. वायुदलप्रमुखांच्या अधिपत्याखाली सात विभागीय कमांड आहेत. पश्चिम, नैर्ऋत्य, मध्य, पूर्व आणि दक्षिण या पाच प्रत्यक्ष कारवाईच्या. तर प्रशिक्षण आणि देखभाल या दोन विशिष्ट कार्यांच्या. देखभाल कमांडचे मुख्यालय नागपूरला आहे. विमानांच्या मोठ्या दुरुस्तीचे एक केंद्र नाशिकजवळ ओझर येथे असून पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० विमाने आहेत. कमांडच्या खाली तळ आणि तळांवर स्क्वॉड्रन अशी ही उतरंड आहे. अधिकाऱ्यांच्या उड्डाण, तांत्रिक आणि भूसेवा अशा तीन शाखा असतात. रडार, दळणवळण, हवामान, पुरवठा, हिशेब, अशा अनेक कामांना माणसे लागतात.

ज्या बीदरला १९४८ मध्ये चोरटी शस्त्रे उतरत होती, तेथे आज वायुदलाचे वैमानिक घडविणारे केंद्र आहे. 'सूर्यकिरण' हे प्रात्यक्षिक पथक १९९६ मध्ये तेथेच जन्मास आले.

दारे उघडी आहेत

मराठवाड्याच्या खेड्यातून या दलाच्या शिखरापर्यंत जाता येते, हे नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे विवेक राम चौधरी यांनी दाखवून दिले. २०२१ ते २०२४ या काळात ते वायुदलप्रमुख होते. तरीही ग्रामीण भागात एक समज घट्ट आहे. दृष्टी किंवा उंची वैमानिकाच्या निकषात बसली नाही, की वायुदलाचा विचारच सोडून द्यायचा! या गैरसमजापायी गणित, भौतिकशास्त्र आणि यंत्रविद्येत गती असलेले कितीतरी तरुण अर्जही करीत नाहीत.

वस्तुतः बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पदवीनंतर वायुदलाची सामायिक प्रवेश परीक्षा, तर २०२२ पासून अग्निवीरवायू भरती असे अनेक मार्ग उपलब्ध आहेत. अग्निवीरांची सेवा चार वर्षांची असून त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम केले जाते, ही अट समजून घेऊनच निर्णय करावा. प्रबोधिनीच्या तयारीसाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे सेवापूर्व प्रशिक्षण संस्था सुरू केली. मुलींसाठीही अशी संस्था नाशिकला आहे. २०१६ मध्ये महिला लढाऊ वैमानिक झाल्या आणि २०२२ पासून प्रबोधिनीचे दारही मुलींना खुले झाले.

नळदुर्ग-उमरगा रस्त्याने जाताना १९४८ च्या त्या दोन दिवसांचे स्मरण अवश्य ठेवावे. त्या वेळी येथील जनतेने मुक्तीची विमाने खालून पाहिली. त्या विमानांना सज्ज ठेवणाऱ्या, वाट दाखविणाऱ्या आणि उडविणाऱ्या माणसांत या जिल्ह्यातील मुलामुलींची संख्या वाढावी, त्यासाठी तयारीचा आरंभ शालेय वयातच व्हावा, हीच अपेक्षा.