रोग्याचा होकार

“उद्यां सकाळीं उपास ठेवून या,” असें शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं रोग्याला सांगण्यांत येतें. रोगी मान डोलावतो. दुसऱ्या दिवशीं तो येतो तो पेलाभर दूध पिऊन आणि बशीभर साबुदाण्याची खिचडी खाऊन! त्याच्या दृष्टीनें त्यानें आज्ञा तंतोतंत पाळलेली असते. उपासाला घरीं हेंच खावयाचें असतें. परंतु भूल दिल्यावर पोटांतील अन्न उलटून श्वासनलिकेंत शिरण्याचें भय असतें. म्हणून शस्त्रक्रिया पुढें ढकलावी लागते. डॉक्टर चिडतात, रोगी ओशाळतो, आणि दोष एका शब्दाचा होता हें दोघांच्याहि ध्यानांत येत नाहीं.

रुग्णालयांतील पुष्कळसे घोटाळे असेच निपजतात. रक्ताचा तपास ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे चांगलेंच झालें, अशी कित्येकांची समजूत होते. क्षयाच्या रोग्याचा खोकला महिन्या-दोन महिन्यांत थांबतो आणि तो औषध सोडून देतो. सामान्य क्षयालाहि सहा महिने उपचार लागतात, याचें कारण त्याला कोणी उलगडून सांगितलेलें नसतें. “समजलें ना?” या प्रश्नाला मात्र प्रत्येकाचें उत्तर ‘हो’ असेंच येतें. मोठ्या माणसाला उलट प्रश्न करूं नये हें लहानपणचें वळण, भोंवतीं उभा असलेला डॉक्टरांचा घोळका, आणि आपलें अज्ञान उघडें पडण्याची भीति, या तिहींतून तो ‘हो’ बाहेर पडतो.

ही दरी सांधण्यासाठीं निराळें माणूस हवें, हा विचार जुना आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत १८९५ सालीं मेरी स्ट्यूअर्ट यांची नेमणूक झाली. पैसे देऊं शकणारे रोगी निवडणें हें त्यांचें एक मुख्य काम होतें. बोस्टन येथें १९०५ सालीं डॉ. रिचर्ड कॅबट यांनीं रोग्याच्या घरची स्थिति जाणून घेणाऱ्या कार्यकर्तीस दवाखान्यांत आणलें. मुंबईंत १९३६ सालीं समाजकार्याचें शिक्षण देणारी टाटा संस्था निघाली, आणि १९४६ सालीं जे. जे. रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकाची जागा निर्माण झाली.

चांगला समाजसेवक “समजलें ना?” असें विचारीत नाहीं. तो म्हणतो, “बाबा, घरीं गेल्यावर हें तुम्ही आईंना कसें सांगाल?” रोगी आपल्या भाषेंत सांगूं लागतो, आणि कोठें गांठ पडली आहे तें तत्काळ दिसतें. जेथें ती पडली असेल तेथें तो डॉक्टरांना पुन्हां बोलावितो. वाचतां न येणाऱ्यासाठीं तो गोळ्यांच्या पुड्यांवर उगवता सूर्य आणि चंद्र काढून देतो. डॉक्टरांचें बोलणें रोग्यापर्यंत आणि रोग्याचें डॉक्टरांपर्यंत न गाळतां पोंचविणें, एवढेंच त्याचें काम.

असा समाजसेवक प्रत्येक खाटेपाशीं असणें शक्य नाहीं. तेथें हें काम घरांतील शिकलेल्या माणसाकडे येतें; आणि नेमका तोच पुष्कळदां रोग्याच्या वतीनें बोलूं लागतो. “तिला कशाला सांगतां? मला सांगा,” हे शब्द मायेपोटींच निघतात. पण त्यांनीं रोग्याचा अधिकार हिरावला जातो. दिल्लींतील एका प्रौढ स्त्रीला केवळ तपासणीसाठीं भूल दिलेली असतां, तिच्या आईची संमति घेऊन तिचें गर्भाशय काढण्यांत आलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं निर्णय दिला कीं, प्राणसंकट नसतांना शुद्धीवर येऊन स्वतः ठरवूं शकणाऱ्या प्रौढ रोग्याच्या जागीं आईची संमति चालत नाहीं, आणि तपासणीला दिलेली संमति ही शस्त्रक्रियेला दिलेली संमति नव्हे.

म्हणून सोबत जाणाऱ्यानें एक कागद जवळ ठेवावा. काय झालें आहे, काय करावयाचें आहे, त्यांत धोका कोणता आणि दुसरा मार्ग आहे काय, हे चार प्रश्न त्यावर लिहावे. उत्तरें ऐकतांना मात्र खुर्ची रोग्याला द्यावी, आपण मागें उभें राहावें. शरीर त्याचें आहे. तेव्हां ‘हो’ म्हणावयाचें तें त्यानेंच, आणि ‘नाहीं’ म्हणावयाचें तेंहि त्यानेंच.